गुरम्माच्या नऊ पिशव्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागे पाण्याच्या टाकीला लागून पत्र्याच्या घरांची एक ओळ आहे. त्यातल्या चौथ्या घरात शिरलं की आधी माणसं दिसत नाहीत, पिशव्या दिसतात. भिंतीला नऊ खिळे आणि नऊ खिळ्यांना नऊ कापडी पिशव्या. प्रत्येकीत एकेक अर्धं काम. कुठे क्रोशाची सुई टाक्यात अडकून बसलेली, कुठे दोन लांब सुयांवर स्वेटरची पाठ निजलेली. एखाद्या कामातली सुई दुसऱ्या कामाला हवी म्हणून काढून घेतलेली असते आणि टाके निसटू नयेत म्हणून तिथे साडीची पिन खोचलेली असते. हा सगळा पसारा गुरम्माचा. वय एकोणसाठ, चष्मा जाड, जीभ धारदार.

आल्यागेल्याला हा पसारा बघवत नाही. "गुरम्मा, आदी एक पुरं कर की गं," असं म्हटल्याशिवाय कुणी चहा पीत नाही. नवरा सिद्धप्पा तर दिवसातून एकदा तरी "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणतोच. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि एक पंक्चर निघाल्याशिवाय दुसऱ्या चाकाला हात लावायचा नाही, हे त्याचं शास्त्र.

"चाकाला मन नसतंय, म्हणून जमतंय तुमाला," गुरम्मा सांगते आणि दहाव्या खिळ्यासाठी भिंतीवर जागा शोधू लागते.

शिवाय सोलापुरात स्वेटर घालणार कोण, हाही प्रश्न लोक विचारतात. बरोबरच आहे. थंडी इथे घाईच्या पाहुण्यासारखी येते, टेकते न टेकते तोच उठते. पण स्वेटर घालण्यासाठीच विणायचा असतो, असं गुरम्माला कुणी पटवून दिलेलं नाही आणि देऊही शकणार नाही.

हे खूळ कुठून आलं, ते कळायला तिची तीस वर्षं ऐकायला हवीत. बाविसाव्या वर्षापासून बावन्नाव्या वर्षापर्यंत ती टॉवेलच्या एका कारखान्यात शिलाईला होती. टॉवेल घ्यायचा, टोक दुमडायचं, मशीनखाली सरकवायचं, दोरा तोडायचा, फिरवून दुसरं टोक. बारा झाले की डझन, आणि डझन पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही, हा तिथला कायदा. पाणी प्यायला नाही, आणखी कशाला नाही. अक्षता पोटात होती, नववा महिना लागलेला. गुरम्माने उठायची परवानगी मागितली तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "दोनच ऱ्हायलेत की, पुरे कर आन् जा." तिने दोन पुरे केले. उठली तेव्हा परकर ओला झालेला होता. भर दुपारी चाळीस माणसांच्या मधून ती भिंतीला पाठ घासत बाहेर गेली. हे तिने सिद्धप्पालाही कधी सांगितलेलं नाही.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि तिने काम सोडलं. शेजारच्या पूनमने तिला उरल्यासुरल्या सुतावर क्रोशाची साखळी घालायला शिकवली, मग खांबाचे टाके, आणि बाकीचं सगळं ती मोबाईलवर बघून शिकली. पहिलं काम पायपुसण्याचं होतं. ते निम्मं झालं आणि एका सकाळी तिला वाटलं, आज हे नको. तिने ते बाजूला ठेवलं आणि पांढऱ्या दोऱ्याचं दुसरं काहीतरी सुरू केलं. जरा वेळ ती तशीच थांबली. आता कुणीतरी ओरडेल, असं तिला खरंच वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. त्या दिवशी तिने आनंदाने शेंगाची पोळी केली, आणि सिद्धप्पाला सण कुठला ते कळेना.

पण नुसत्या चैनीसाठी नऊ कामं लागली होती असंही नव्हे. थोड्याच दिवसांत तिला स्वतःच्या हाताचा स्वभाव कळला. डोकं तापलेलं असलं की हात घट्ट पडतो आणि मऊ विणीचा पुठ्ठा होतो. मन उदास असलं की हात सैल, वीण जाळीसारखी. एकाच शालीत चार दिवसांचे चार स्वभाव शिरले तर ती शाल राहत नाही. म्हणून तिने युक्ती काढली, की जसा दिवस तशी पिशवी. टॉवेलच्या वाया गेलेल्या जाड सुताचं पायपुसणं रागासाठी. सिद्धप्पाशी भांडण झालं की ते वीतभर वाढायचं, आणि एकदा दोघं आठवडाभर बोलत नव्हते तेव्हा त्या पायपुसण्याचं जाजम झालं. सकाळी लिंगपूजा आटोपून मन निवांत असलं की पांढऱ्या दोऱ्याचा पलंगपोस निघायचा. काळजीला सिद्धप्पाचा करडा स्वेटर, कारण त्यात नुसते सुलट टाके, डोकं लावायला नको. आणि पिवळ्या लोकरीचं टोपडं फक्त आनंदाचं. ते रागात कधी हातात घेतलं नाही, काळजीत तर नाहीच.

ते टोपडं तिने दोन वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. मंद्रूपला दिलेल्या अक्षताने फोनवर बातमी सांगितली, त्याच दुपारी. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. टोपडं पुरं व्हायला तीन बोटं राहिलं होतं, ते तसंच पिशवीत राहिलं.

तेव्हा लेकीची सासू निंगव्वा भेटायला आली होती. भिंतीवरच्या पिशव्या तिने एकेक करून उघडल्या, पिवळं टोपडं बाहेर काढून धरलं आणि म्हणाली, "घरात अर्दी कामं टांगून ठिवल्यावर पोटातलंबी अर्दंच ऱ्हाणार की." गुरम्माने टोपडं तिच्या हातातून घेऊन परत पिशवीत ठेवलं. तिला आतून वाटलं, असेलही. हेच तिला अजून टोचतं. विहीण बोलली ते एक वेळ सोडा, पण आपण ते क्षणभर खरं मानलं, ह्याचा तिला जास्त राग येतो.

यंदा अक्षताला पुन्हा दिवस गेले. सहावा महिना सरत आला तसा जावयाचा, गुरूचा फोन आला. पोरगा सरळ, आईपुढे, म्हणजे अव्वापुढे, मात्र गोगलगाय.

"मामी, राग मानू नका. कुबसा झाला की अक्षताला तुमच्याकडं लावून देतो."

कुबसा म्हणजे सातव्या महिन्यातली ओटी. ती भरली की लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते.

"मग राग कशाचा?" गुरम्माने विचारलं.

"अव्वा म्हणती, आदी घरातलं अर्दं विणकाम समदं पुरं करा, न्हायतर जाळा. एक जरी अर्दं ऱ्हायलं तरी लावून देणार न्हाय म्हणती."

अर्धं विणकाम गर्भाला बाधतं, हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते मंद्रूपच्या आठवडी बाजारात कुणालाही विचारा, कुणी सांगणार नाही. पण विहिणीचं शास्त्र विहीणच लिहिते आणि विहीणच वाचते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर चार लोक नावं ठेवतील, त्याचं गुरम्माला फारसं काही नव्हतं. मागच्या वेळी ती दवाखान्यात पोचली तोवर अक्षता भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. ह्या वेळी लेकीच्या उशाशी आपण असायचं, एवढं एकच तिला हवं होतं आणि त्याच्याशीच निंगव्वाने गाठ मारली होती.

सिद्धप्पाने त्याच्या परीने तोड काढली. "दुकानाच्या माळ्यावर टाकू की. त्यास्नी काय कळतंय?"

"चोरीचा माल हाय व्हय, लपवायला?" ती त्याच्यावर खेकसली.

खेकसली खरी, पण आत भीती शिरली होती. कुबशाला बावीस दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून गुरम्मा कामं पुरी करायला बसली. राग असो, निवांतपणा असो, जी पिशवी हाताला लागेल ती. भाकऱ्या पूनमच्या घरून येऊ लागल्या. सिद्धप्पा आधी खूश झाला, बायको सुधारली म्हणून त्याने दुकानावर दोघांना चहाही पाजला.

पंधरा दिवसांनी करडा स्वेटर पुरा झाला. सिद्धप्पाने हौसेने अंगात घातला. डावा हात गेला, उजवा कोपराशी अडकला, आणि डोकं तर गळ्यातून बाहेरच येईना. आतून त्याचा आवाज आला, "गुरम्मा, काड की गं मला!" शालीचं त्याहून वाईट झालं. वरून दोन हात रुंद निघालेली शाल खाली येईपर्यंत टॉवेलएवढी झाली होती. पलंगपोसाच्या कडा वर वळून उभ्या राहत होत्या.

विसाव्या दिवशी टोपडं हातात आलं. बाळाच्या डोक्याचं माप म्हणून ती सोललेला नारळ घेते. पिवळ्या टोपड्याच्या दोन ओळी घातल्या आणि तिने ते नारळावर चढवलं. जुनी वीण अलगद बसली, नव्या दोन ओळी तिथेच अडल्या. ओढूनही सरकेनात. इतका घट्ट हात तिचा पायपुसण्यावरही कधी पडला नव्हता.

गुरम्मा त्या नारळाकडे बघत राहिली. लेकराच्या टोपड्यात आपण भीती विणली, हे तिला लख्ख दिसलं. ह्या ओळी बाळासाठी नव्हत्याच, निंगव्वासाठी होत्या. आणि मग तो जुना आवाज कानात आला, दोनच राहिलेत की, पुरे कर आणि जा. ती मोठ्याने रडली. शेजारी ऐकतील, ह्याची तिने फिकीर केली नाही. सिद्धप्पा दुकानातून धावत आला आणि ग्रीसचे हात तसेच धरून दारात उभा राहिला.

"काय झालं गं?"

"न्हाय करणार," ती म्हणाली. "एकबी पुरं करणार न्हाय. कुणाच्या धाकानं करायचं दिवस सरलं माजं."

तिने टोपड्याच्या दोन ओळी उसवल्या. मग स्वेटरची बाही, शालीचा अरुंद भाग, पलंगपोसाच्या वाकड्या कडा. वीस दिवसांचं काम दुपार कलायच्या आत दोऱ्याचा ढीग होऊन जमिनीवर पडलं. सिद्धप्पाने हात धुतले, समोर मांडी घातली आणि एकेक दोरा घेऊन गुंडे करू लागला. भाराभर चिंध्यांचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं असेल तर त्याने ते गिळलं, हे त्या माणसाचं मोठेपण म्हणायचं.

कुबशाच्या दिवशी सकाळी दारात टमटम उभी राहिली. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, पाच फळं, आणि मागच्या सीटवर नऊ पिशव्या.

"ह्या कशाला घेतीस? भांडान व्हईल," सिद्धप्पा म्हणाला.

"व्हऊ दे की."

निंगव्वाचं घर मंद्रूपच्या वेशीजवळ. खाली चार खोल्या, वर स्लॅब, आणि स्लॅबच्या चारी कोपऱ्यांतून लोखंडी सळ्या आभाळात निघालेल्या. गंज चढून त्या तांबड्या झाल्या होत्या, टोकांना पालथ्या बाटल्या बसवलेल्या. पुढे-मागे मजला चढवू, म्हणून अशा सळ्या ठेवलेली घरं गावोगाव दिसतात. टमटममधून उतरताना गुरम्माने वर पाहिलं आणि पदर सावरला.

ओटी छान झाली. अक्षता हिरव्या साडीत उजळली होती, पण सगळा वेळ आईच्या तोंडाकडे बघत होती. पाच सवाष्णींनी ओटी भरली, कानडीतून गाणं झालं, जेवणं झाली. अक्षताची बॅग पुढच्या सोप्यात आणून ठेवलेली होती. तेव्हा निंगव्वा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. उंच, सरळ बाई, कपाळाला विभूती, आवाज असा की गोठ्यातली जनावरंही कान टवकारतील.

"ईनबाई, झालं का समदं पुरं?"

"एकबी न्हाय," गुरम्मा म्हणाली.

आणि तिने नऊच्या नऊ पिशव्या जमखान्यावर रिकाम्या केल्या. बायकांनी माना पुढे काढल्या. एका म्हातारीने पलंगपोसाचं टोक उचलून "ही वीण कसली गं?" असं विचारूनही घेतलं, तेव्हा तिच्या सुनेने तिला कोपराने ढोसलं.

"मी पुरं करायला बसले हुते," गुरम्मा सांगू लागली. "वीस दिस बसले. भ्याले हुते, खरं सांगते. समदं वाकडं झालं, म्हणून उसवलं. आता भीत न्हाय. लपवूनबी ठिवलं न्हाय, बगा, समद्यांसमोर मांडलंय. पोरीला न्ह्यायला आलेय."

"साकु!" निंगव्वा ओरडली. "पुरे करा तुमचं! अर्दवट गोष्ट घरात असू नये म्हंजे असू नये. एकदा भोगलंय न्हवं?"

"असू नये?" गुरम्माने बोट वर केलं. "मग सळ्या कशाला ठिवल्यात वर? चौदा वर्सं झाली. माजी पोर पाच वर्सं ह्या अर्द्या घरात नांदती. मी कदी म्हणलं का, आदी मजला चढवा, मगच पोर लावून देते?"

गुरू खाली बघू लागला. त्या सळ्या त्याच्या वडिलांनी, मल्लप्पाने ठेवल्या होत्या, पुढच्या साली वरचा मजला बांधायचा म्हणून. पुढच्या साली मल्लप्पाच राहिला नाही. सळ्या गंजल्या, गवंड्याने दोनदा सांगितलं की कापून टाका, आणि दोन्ही वेळा निंगव्वाने त्याला हाकलून दिलं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी त्या विषयाच्या वाटेला जात नसे. आपण जरा जास्तच बोललो, असं गुरम्माला वाटलं. पण बोललेलं मागे घ्यायची तिला सवय नव्हती.

निंगव्वाचा आवाज आला तेव्हा तो नेहमीचा नव्हता. "त्या कापायच्या न्हाईत. त्यावर मजला चढणार हाय. आज न्हाय तर उद्या चढंल."

"मग माजंबी चढंल की!" गुरम्मा म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते, पण आवाज खाली आला नाही. "तुमचं ऱ्हायलं ती आशा, आन् माजं ऱ्हायलं त्यो अपशकुन? ह्यो कुटला न्याय, ईनबाई?"

निंगव्वाने पदराने तोंड पुसलं आणि तडजोड काढली. "बाकीची ऱ्हाऊ द्या. ते पिवळं तेवडं जाळा. आत्ता, माज्या समोर चुलीत टाका, आन् घेऊन जा पोरीला."

गुरम्मा "न्हाय" म्हणणार होती. त्याआधी अक्षता उठली. पोटावर हात धरून वाकली, टोपडं उचललं आणि मुठीत घट्ट धरलं. गेल्या दोन वर्षांत ती त्या विषयावर नवऱ्याशी बोलली नव्हती, आईशी नाही, सासूशी तर नाहीच. आता ती आधी सासूकडे वळली, मग आईकडे.

"न्हाय जाळायचं, आत्ती. आन् अव्वा, तू पुरंबी न्हाय करायचं. ते त्याचं हाय. त्यो जेवडा आला, तेवडं ते झालं. मी निगाले. लावून द्या, नका लावून देऊ."

ती उंबऱ्याशी आली. निंगव्वा उंबऱ्यातच उभी होती. दोघींमध्ये हातभर अंतर राहिलं.

"नाव काय ठिवायचं म्हणत हुतीस?" निंगव्वाने हळूच विचारलं.

"पोरगा झाला असता तर मामांचंच की, मल्लप्पा."

निंगव्वा बाजूला झाली. गुरू बॅग उचलायला पुढे आला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि स्वतःच बॅग उचलून टमटममध्ये नेऊन ठेवली. अक्षताला बसताना हात दिला, हिरवा पदर तिच्या गुडघ्यांवर नीट केला. सिद्धप्पाने जमखान्यावरचा सगळा पसारा नऊ पिशव्यांत कोंबला, कुठलं काम कुठल्या पिशवीत ह्याचा त्याला पत्ता नव्हता.

आता गुरम्मा दोन गोड शब्द बोलेल, असं सगळ्यांना वाटलं. तीही टमटममध्ये चढली, लेकीला चिकटून बसली आणि निंगव्वाकडे वळली.

"बाळ झाल्यावर पैला फोन तुमालाच करीन. बगायला या, मुक्कामाला या," ती म्हणाली. "पर तवर नऊच्या बारा झालेल्या असतील. आत्ताच सांगून ठिवते."